'ग्रेस' : शब्द एक, अर्थ अनेक



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या आळीआळीतून एक इंग्रजी शब्द हमखास ऐकू येतो. 'अमक्याचा मुलगा ग्रेसने सुटला.' विम्याचा हप्ता थकला की एजंट धीर देतो, 'घाबरू नका, अजून ग्रेसचे दिवस आहेत.' इंग्रजीतून निमंत्रणपत्रिका छापली की पाहुण्यांनी येऊन समारंभाला 'ग्रेस' करावे अशी विनंती असते. आर्चबिशपांना पत्र लिहिताना 'युअर ग्रेस' असा मायना घालतात. एखादी मुलगी छान नाचली तर तिच्या हालचालींत ग्रेस आहे असे आपण म्हणतो. आपल्या गायकवृंदातील वादकांना 'ग्रेस नोट' ठाऊक असेल. अगदी लहान अक्षरात लिहिलेला तो स्वर असतो, त्याला स्वतःची मात्रा नसते, शेजारच्या स्वराकडून तो उसनी घेतो. जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणजेही ग्रेस. ग्रेस नावाच्या मावश्या, आत्या आणि शाळेत जाणाऱ्या मुली तर आपल्या धर्मग्रामात कितीतरी आहेत. शिवाय आपल्या वसई धर्मप्रांताचे पापडी येथील कॅथेड्रलच 'अवर लेडी ऑफ ग्रेस' या नावाचे आहे.

इतक्या ठिकाणी वापरून एखादे नाणे गुळगुळीत व्हावे तसे या शब्दाचे झाले आहे. आजच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण ऐकला. त्यात हा शब्द एकदाही येत नाही, पण दाखला सगळा त्याच्याविषयीच आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एकदा मुलांना विचारले, 'ग्रेस म्हणजे काय?' मागच्या बाकावरून ताबडतोब उत्तर आले, 'फादर, पाच मार्क कमी पडले तर वरून देतात ते!' वर्ग हसला. आम्हांलाही हसू आले. परंतु नंतर विचार करता वाटले, की मोठी माणसे तोंडाने वेगळे सांगत असली तरी मनात हीच व्याख्या धरून असतात. पापनिवेदनात कोण काय बोलतो हे आम्ही सांगू शकत नाही, सांगणारही नाही. परंतु ओट्यावर बसून गप्पा मारताना माणसे काय म्हणतात ते सर्वांनीच ऐकले आहे. 'फादर, मी अजून देवळात यायच्या लायकीचा नाही. आधी थोडा सुधारतो, मग येतो.' असे म्हणणारा मनुष्य बहुधा वाईट नसतो. तो प्रामाणिकपणे हिशोब करीत असतो. पस्तीसपर्यंत पोचायचे तर निदान तीस तरी आपले हवेत, उरलेले पाच देव देईल, असा तो हिशोब. ग्रेस मार्कांचा नियमच तसा आहे. जो उत्तीर्ण होण्याच्या जवळ पोचला त्यालाच ते मिळतात. फार मागे राहिलेल्याला कोणी विचारीत नाही.

आता दाखल्यातील गणित पाहा. दिवस बारा तासांचा. मळ्याचा मालक पहाटे बाहेर पडला, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या ताशी. एक दिनार म्हणजे एका मजुराची दिवसभराची मजुरी. अकराव्या ताशी आलेल्याने बारातला एक तास काम केले. शाळेच्या भाषेत सांगायचे तर शंभरापैकी आठ मार्क! आठ मार्कांना कोणतेही बोर्ड ग्रेस देत नाही. आणि याच माणसाच्या हातात पूर्ण दिनार पडला.

हा दाखला आपल्याकडे समजणे कठीण नाही. सकाळी नाक्यावर फावडे, घमेले किंवा रंगाचा ब्रश घेऊन उभे असलेले मजूर आपण रोज पाहतो. मुकादम येतो, धडधाकट पोरे आधी निवडतो. दहा-अकरा वाजेपर्यंत ज्यांना कोणी नेले नाही ते परत फिरतात. घरी जाऊन बायकोला काय सांगायचे याचा विचार करीत ते चालत असतात. दाखल्यातील माणसे संध्याकाळपर्यंत उभी होती. मालकाने विचारले, येथे रिकामे का उभे राहिलात, तर त्यांचे उत्तर एवढेच, की आम्हांला कोणी कामावर लावले नाही. ती आळशी होती असे प्रभू येशूने कोठेही म्हटलेले नाही. मालक स्वतः पाच वेळा बाजारात गेला, ही गोष्ट आपण वाचताना सोडून देतो. एवढ्या मोठ्या मळ्याच्या मालकाकडे कारभारी होता, मजुरी वाटण्याचे काम त्याच्याकडेच दिलेले आहे. पण माणसे शोधायला मालक स्वतः गेला.

हा शब्द मूळचा लॅटिन, 'ग्रातिया'. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'ग्रातुस' म्हणजे मनाला भावणारा, आवडता. याच घराण्यातले शब्द आपण रोज वापरतो आणि नाते ओळखत नाही. फुकट मिळते ते 'ग्रॅटिस', अभिनंदन करताना 'काँग्रॅच्युलेशन्स', एखादी गोष्ट पटली तर 'अ‍ॅग्री'. कारखान्यात नोकरी केलेल्यांना ग्रॅच्युइटी ठाऊक आहे. नाव पाहिले तर ती मालकाने खुशीने दिलेली देणगी वाटते. परंतु १९७२ च्या कायद्याने ती कामगाराचा हक्क झाली आहे. साधारणतः पाच वर्षे सलग सेवा झाली की प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. तेव्हा ग्रॅच्युइटी घेताना कोणी मालकाचे पाय धरू नयेत! तेथे 'ग्रेस' फक्त नावात उरली आहे, आणि ते योग्यच झाले. न्यायाची गोष्ट कृपा म्हणून वाटू नये. उलट महानगरपालिका दिवाळीला कर्मचाऱ्यांना जे देते त्याला मराठीत 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. त्यात 'अनुग्रह' आहे, तरी त्यासाठी दरवर्षी मागणी आणि वाटाघाटी होतातच. विम्याचे ग्रेसचे दिवस मात्र आम्हांला शुभवर्तमानाच्या थोडे जवळचे वाटतात. वार्षिक हप्त्यासाठी साधारण तीस दिवसांची मुदत असते आणि त्या मुदतीत विमाधारकाचे निधन झाले तरी संरक्षण चालू राहते. थकलेला हप्ता तेवढा कापून घेतात.

आपल्या वसईत पोर्तुगीज भाषा नांदून गेली. त्या भाषेत 'ग्रासा' म्हणजे कृपा, आणि एखादी वस्तू 'द ग्रासा' मिळाली म्हणजे फुकट मिळाली. गोव्यातील आपले कोकणी बांधव 'कुर्पा' म्हणतात, आपण 'कृपा' म्हणतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत शब्द आहे 'खारिस'. गब्रिएल दूताने मारियेला जे संबोधन केले ते याच शब्दापासून बनले आहे. संत जेरोमच्या लॅटिनमध्ये ते 'ग्रातिया प्लेना' आणि आपल्या ओठांवर 'कृपापूर्ण' झाले. ग्रीक व्याकरणाप्रमाणे त्याचा अर्थ, जिच्यावर कृपा आधीच झालेली आहे अशी. मारियेने होकार दिला तो नंतर. दूताने होकार ऐकून तिला ही पदवी दिली नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एकाच शब्दाचे किती अर्थ होतात हे वेगवेगळे मांडण्याची सवय आम्हांला लावण्यात आली. त्या वेळी तो नुसता काथ्याकूट वाटे. तेराव्या शतकातील संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी 'सुम्मा' या ग्रंथात ग्रातिया शब्दाबाबत हेच केले आहे. ते म्हणतात, लोक हा शब्द तीन अर्थांनी वापरतात. पहिला अर्थ मर्जी किंवा प्रेम, जसे एखादा शिपाई राजाच्या मर्जीत असतो. दुसरा अर्थ त्या मर्जीतून मिळालेली, मोबदला न घेता दिलेली देणगी. तिसरा अर्थ त्या देणगीबद्दल मानलेले आभार. यांतील प्रत्येक अर्थ आधीच्या अर्थातून निघतो. प्रेम नसेल तर देणगी नाही, देणगी नसेल तर आभार कसले?

यानंतर ते माणसाची मर्जी आणि देवाची मर्जी यांत फरक करतात. माणसाला समोरच्यात काहीतरी चांगले दिसते, म्हणून तो माणूस त्याला आवडतो. आवड संपली की तेच माणूस नकोसे होते. आपल्याकडे म्हणतातच, नावडतीचे मीठ अळणी. देवाचे तसे नाही. देवाला आपल्यात चांगुलपणा दिसतो म्हणून तो प्रेम करतो असे नव्हे, तर त्याच्या प्रेमामुळे आपल्यात चांगुलपणा निर्माण होतो. ख्रिस्तसभेने इ.स. ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मपरिषदेत हेच ठामपणे मांडले होते. विश्वासाची सुरुवात, देवाकडे वळावे असे वाटणे, हेसुद्धा कृपेनेच होते असे तिचे म्हणणे. म्हणजे कृपा हे शेवटचे पाच मार्क नव्हेत. परीक्षेला बसण्याची बुद्धी झाली तीच कृपा.

ओट्यावरच्या त्या माणसाचा क्रम येथे चुकतो. आधी सुधारणार, मग येणार. आपल्या समाजात दारूने किती घरे पोखरली आहेत हे वेगळे सांगायला नको. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये व्यसनाधीनांसाठी संस्था सुरू केली, तिला 'कृपा' हेच नाव दिले. हे नाव किती अचूक आहे ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली पहिली पायरी पाहिली की कळते. दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करणे, ही ती पायरी. 'उद्यापासून सोडतो' अशी शपथ तेथे पहिल्या पायरीवर नाही. ज्यांच्या घरात अशी शंभर वेळा शपथ झाली आहे त्या बहिणींना याचा अर्थ आमच्यापेक्षा चांगला समजेल.

मग कोणी विचारील, 'फादर, सगळे फुकटच मिळणार असेल तर काहीही केले तरी चालेल?' प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर आम्हांला 'अमेझिंग ग्रेस' या गीताच्या कर्त्यात सापडते. आपल्याकडे अंत्यविधीला ते गोड आवाजात गातात. गाणाऱ्यांना त्याचा इतिहास ठाऊक असतोच असे नाही. जॉन न्यूटन हा आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या जहाजांवरचा माणूस. १७४८ साली समुद्रात वादळात सापडला तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि तो वाचला. त्या दिवसापासून तो स्वतःला बदललेला माणूस मानू लागला. तरी पुढे कप्तान होऊन त्याने गुलामांचीच वाहतूक केली! १७५४ मध्ये प्रकृती ढासळली म्हणून त्याने समुद्र सोडला. पुढे तो अँग्लिकन पाळक झाला आणि इंग्लंडमधील ओल्नी गावात १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी त्याने हे गीत रचले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे पुस्तिका लिहिली ती १७८८ साली. तीत त्याने त्या धंद्यातील आपला वाटा लाजेने कबूल केला. ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला १८०७ मध्ये आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला. वादळापासून त्या पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षे! कृपा मोफत मिळाली खरी, परंतु तिने त्याला सोडले नाही. जे करताना एके काळी त्याला काही वाटत नव्हते, त्याचे नाव घेऊन बोलायला तिने त्याला लावले. ज्यांना फुकट म्हणजे स्वस्त वाटते त्यांनी ही चाळीस वर्षे मोजावीत. भावाची जमीन गिळून दर रविवारी ख्रिस्तशरीर घेणाऱ्यांनीही मोजावीत.

काही भाविकांना दुसरीच चिंता असते. आपण कृपेच्या अवस्थेत आहोत की नाही, याचा त्यांना दाखला हवा असतो. १४३१ साली फ्रान्समध्ये जोन ऑफ आर्क या अवघ्या एकोणीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलीला न्यायासनापुढे हाच प्रश्न विचारला होता. तो सापळा होता. 'होय' म्हणावे तर कोणालाही खात्रीने न कळणारी गोष्ट कळल्याचा दावा, 'नाही' म्हणावे तर गुन्ह्याची कबुली. तिने उत्तर दिले त्याचा आशय असा, की नसेन तर देव मला त्या अवस्थेत आणो आणि असेन तर देव मला तेथेच ठेवो. विचारणारे अवाक झाले. रात्री झोपण्यापूर्वी म्हणायला याहून लहान प्रार्थना आम्हांला ठाऊक नाही.

संत थॉमस यांचा तिसरा अर्थ राहिला, आभार. ग्रीक 'खारिस' मध्येही हा अर्थ आहे. मिस्साबलीला युखारिस्त म्हणतात, त्यात तोच शब्द दडलेला आहे. घरात मात्र हा अर्थ हरवत चालला आहे. लग्नाच्या जेवणाच्या वेळी सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकावरून सांगतो, 'आता फादर ग्रेस म्हणतील.' आम्ही क्रुसाची खूण करतो तोपर्यंत बुफेपाशी रांग लागलेली असते. कोणाला दोष द्यावा, भूक लागलेली असते! पण घरचे काय? ताटे वाढलेली, दूरचित्रवाणी चालू, एकाच्या हातात मोबाईल आणि एक जण आधीच जेवून उठलेला.

आमची एक विनंती आहे. आपल्या घरांतून पूर्वी जेवणाआधी सामवेदीत, वाडवळीत आणि आपापल्या बोलीत लहान लहान प्रार्थना म्हणत असत. त्या कोठे छापलेल्या नाहीत. आजी-आजोबांना ज्या आठवत असतील त्या मुलांनी त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच शब्दांत, न सुधारता लिहून घ्याव्यात आणि धर्मग्राम कार्यालयात आणून द्याव्यात. कोणत्या आळीत कशी म्हणत तेही लिहावे. पुढील अंकांपासून जागा असेल तशी एकेक प्रार्थना येथे छापू.

आपले,
प्रमुख धर्मगुरू