प्रार्थनेची सक्ती नसलेलं चॅपल

१८६५ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात एका नव्या विद्यापीठाचं विधेयक अडून बसलं होतं. पैशांची अडचण नव्हती. तारायंत्राच्या धंद्यात गबर झालेला एझ्रा कॉर्नेल पाच लाख डॉलर आणि इथाका गावातली आपली शेतजमीन द्यायला तयार होता. शिवाय केंद्र सरकारनं १८६२च्या कायद्यान्वये राज्याला दिलेल्या जमिनीच्या हक्कपत्रांचं उत्पन्न या एकाच संस्थेला मिळावं, अशी मागणी होती. ती जुन्या महाविद्यालयांना मानवेना. त्यातली बरीचशी कुठल्या ना कुठल्या चर्चच्या छत्राखालची. अखेर जी तडजोड झाली तिची एक अट अशी होती, की कॉर्नेलनं लीमा गावच्या मेथडिस्ट पंथाच्या जेनेसी कॉलेजला आणखी पंचवीस हजार डॉलर द्यायचे. कोणत्याही पंथाचं नसलेलं विद्यापीठ काढायला आधी एका पंथाला दक्षिणा मोजावी लागली.

हे विधेयक ज्यानं नेटानं पुढे रेटलं तो सिनेटर अँड्र्यू डिक्सन व्हाइट तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. बाप सावकारी पेढीवाला, घरी पैसा मुबलक, आणि आईवडील एपिस्कोपल चर्चचे निष्ठावान. मुलाला जायचं होतं येल विद्यापीठात. वडिलांनी घातलं चर्चच्याच जिनिव्हा कॉलेजात. धार्मिक शिस्तीसाठी काढलेल्या त्या चिमुकल्या कॉलेजात पोरांचा धुडगूस एवढा होता, की व्हाइटनं पुढे आत्मचरित्रात तो रंगवून सांगितला. वर्षभरात स्वारी तिथून पळाली. मग येल, मग युरोपात अभ्यास, मग मिशिगन विद्यापीठात इतिहासाची प्राध्यापकी. धर्मसंस्थेच्या हाती शिक्षण दिलं की काय होतं, याबद्दलचं त्याचं मत बहुधा त्या एका वर्षातच तयार झालं असावं.

कॉर्नेलची गोष्ट निराळी होती. तो क्वेकर कुटुंबातला. पंथाबाहेरच्या मुलीशी लग्न केलं म्हणून पंथानं त्याला बाहेर काढलं. चूक झाली म्हण, परत घेतो, असं सांगण्यात आलं. त्यानं म्हटलं नाही.

या दोघांच्या विद्यापीठाच्या सनदेत एक कलम आहे. कोणत्याही धर्मपंथाचा किंवा कोणत्याही धर्मपंथाचा नसलेला माणूस इथल्या प्रत्येक पदाला सारखाच पात्र राहील आणि विश्वस्त मंडळात एकाच पंथाचं बहुमत कधी होता कामा नये. आज वाचताना हे कलम साधं वाटतं. त्या काळात अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांचे अध्यक्ष बहुतेक करून दीक्षा घेतलेले पाद्री असायचे. येलला पाद्री नसलेला अध्यक्ष मिळायला १८९९ साल उजाडलं. मराठीत आपण त्या पदाला कुलगुरू म्हणतो आणि त्या शब्दातल्या ‘गुरू’कडे सहसा लक्ष देत नाही. तिकडे मात्र अध्यक्ष हा बहुतेकदा अक्षरशः धर्मगुरू असे.

७ ऑक्टोबर १८६८ रोजी ४१२ विद्यार्थ्यांनिशी कॉर्नेल विद्यापीठ सुरू झालं, आणि पस्तिशीतला व्हाइट त्याचा पहिला अध्यक्ष. इमारती अर्धवट होत्या, पण ‘निरीश्वर विद्यापीठ’ हा शिक्का मात्र पक्का बसला होता. चर्चच्या व्यासपीठांवरून आणि पंथांच्या वृत्तपत्रांतून झोड उठली. अशा वेळी संस्थाचालक दोन गोष्टी करतात. एक तर गुपचूप दोन पाद्री नेमतात, नाहीतर आम्हाला धर्माशी कर्तव्य नाही असं ठणकावतात. व्हाइटनं तिसरंच केलं. हेन्री सेज या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून त्यानं विद्यापीठाच्या आवारात चॅपल बांधून घेतलं आणि १८७५मध्ये ते उघडलं. कायमचा पाद्री मात्र नेमू दिला नाही. निरनिराळ्या पंथांच्या धर्मोपदेशकांनी आळीपाळीनं यावं, बोलावं आणि ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. हजेरी ऐच्छिक. बहुतेक कॉलेजांत त्या वेळी सकाळच्या प्रार्थनेची हजेरी घेतली जायची, हे लक्षात घेतलं म्हणजे त्यातलं धाडस कळतं.

खरा पेच इथेच आहे. सगळ्या पंथांना दार उघडं ठेवणं म्हणजे तटस्थता, की धर्म चांगलाच असतो हे आधीच मान्य करून फक्त ‘कोणता’ एवढा प्रश्न खुला ठेवणं? व्हाइटचं चॅपल दुसऱ्या प्रकारचं होतं. सनदेतला ‘कोणत्याही पंथाचा नसलेला’ माणूस तिथे जाऊ शकत होता, पण व्यासपीठावर त्याची जागा कुठली?

परीक्षा लवकरच आली. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित ज्यू मंदिरातल्या रब्बीचा मुलगा, फेलिक्स अ‍ॅडलर. वडिलांच्या जागी बसेल म्हणून समाजानं त्याच्याकडे डोळे लावले होते. १८७३मध्ये त्यानं तिथे प्रवचन केलं, त्यात देवच नव्हता. मंदिराचं दार बंद झालं. त्याच्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि १८७४मध्ये तो कॉर्नेलला हिब्रू आणि पौर्वात्य साहित्याचा प्राध्यापक झाला. वर्गात तो धर्मांचा तुलनात्मक इतिहास सांगू लागला. विद्यार्थी खूश, पाद्री संतप्त. ख्रिस्ती मतांची मुळं इतर धर्मांतही सापडतात, असं हा शिकवतो अशी ओरड झाली. दोन वर्षांत अ‍ॅडलर कॉर्नेल सोडून गेला, आणि विश्वस्तांनी ते अध्यासन पुढे चालवायचं नाकारलं. न्यूयॉर्कला परतून १८७६मध्ये त्यानं नैतिक संस्कृतीची चळवळ उभी केली, जिच्यात सदाचार होता आणि ईश्वराबद्दलचा आग्रह नव्हता. कॉर्नेलच्या सनदेला अक्षरशः जो माणूस अपेक्षित होता, तो कॉर्नेलमध्ये टिकला नाही. जाता जाता हेही सांगायला हवं, की त्याला नेमण्याची हिंमत तरी तेव्हा दुसऱ्या किती विद्यापीठांत होती?

व्हाइटचं बौद्धिक उत्तर वेगळ्या वाटेनं आलं. टीकेनं चिडून त्यानं १८६९च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये विज्ञानाच्या रणांगणांवर व्याख्यान दिलं. ते वाढत वाढत १८७६मध्ये छोटं पुस्तक झालं आणि १८९६मध्ये दोन जाडजूड खंड. दरम्यान १८८५मध्ये त्यानं अध्यक्षपद सोडलं. जर्मनी आणि रशियात तो अमेरिकेचा राजदूत होता, तिथेही हे काम चालू होतं. जॉन ड्रेपर यानं १८७४मध्ये धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहास लिहिला होता. व्हाइटनं आपल्या खंडांच्या शीर्षकात धर्म हा शब्द मुद्दाम येऊ दिला नाही. त्याचं म्हणणं, युद्ध आहे ते विज्ञान आणि धर्माचं नव्हे, विज्ञान आणि ‘थिऑलॉजी’चं, म्हणजे देवाबद्दलच्या पक्क्या सिद्धान्तांच्या शास्त्राचं. धर्म उरावा म्हणून त्याच्यावरचं ते कवच काढायला हवं. स्वतः त्यानं एपिस्कोपल चर्चशी नातं तोडलं नाही.

मराठीत हा फरक मांडताना जीभ अडखळते. ‘धर्मशास्त्र’ म्हणावं तर डोळ्यांपुढे येतात महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि त्यांच्या इतिहासाचे पाच खंड, म्हणजे आचार, व्यवहार, प्रायश्चित्त. तो विषय मुळात ईश्वराचा नाहीच. माणसानं कसं वागावं याचा आहे. काणेही मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, पण त्यांना परंपरेशी युद्ध पुकारावं लागलं नाही. त्यांनी ती वाचली, तारखा लावल्या, आणि स्मृतिकारांमध्येच मतभेद होते, काळाप्रमाणे आचार बदलले, हे पुराव्यांनिशी दाखवलं. जिथे सिद्धान्तापेक्षा आचाराला वजन असतं, तिथे व्हाइटची रणरेषा आखायची कुठे?

त्याच्या पुस्तकाचं वजन मोठं, आणि त्यातली चूकही मोठी. पृथ्वी फिरते या कोपर्निकसच्या मताला धर्मसुधारक कॅल्व्हिननं पवित्र आत्म्याच्या अधिकाराचा दाखला देत हिणवलं, असं व्हाइटनं लिहिलं. बर्ट्रांड रसेलनं ते उचललं, टॉमस कूननं उचललं. १९६०मध्ये एडवर्ड रोझेन या इतिहासकारानं माग काढला, तेव्हा कॅल्व्हिनच्या लेखनात ते वाक्य सापडेना. व्हाइटनं ते एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या पुस्तकावरून घेतलं होतं. मोठ्या नावावर विसंबून, मूळ न उघडता मत पुढे सरकवायचं, याच सवयीविरुद्ध तर त्यानं दोन खंड लिहिले होते. आजचे विज्ञानेतिहासकार त्याची ‘युद्धा’ची मांडणी एकूणच भाबडी मानतात.

तरी त्याचा राग पोकळ नव्हता. आपला सुमारे तीस हजार ग्रंथांचा संग्रह त्यानं विद्यापीठाला दिला. त्यात चेटकिणींच्या खटल्यांची कागदपत्रं होती आणि ग्रंथपाल जॉर्ज लिंकन बर यानं ती जन्मभर वाढवली. त्यातलंच एक हस्तलिखित डीट्रिश फ्लाडेच्या खटल्याचं. ट्रीअर शहरातला हा न्यायाधीश. त्याच्याच शहरात चेटकाच्या आरोपाखाली माणसं जाळली जात होती. तो आरोप फिरून त्याच्यावर आला, छळाखाली त्यानं कबुली दिली आणि १५८९मध्ये त्याला मारण्यात आलं. सवाल-जवाब कारकुनानं नीट उतरवून ठेवले आहेत.

ती बाडं कॉर्नेलच्या ग्रंथालयात आहेत. तिथून थोड्याच अंतरावर सेज चॅपल आहे, आणि १९१८च्या नोव्हेंबरात इथाकामध्ये वारलेला व्हाइट त्या चॅपलमध्येच पुरलेला आहे, एझ्रा कॉर्नेलच्या शेजारी.