‘ठाऊक नाहीं’ हें उत्तर

मनुष्याला अज्ञान सोसतें, पण अनिश्चितता सोसत नाहीं. खोटें कां होईना, एक ठाम उत्तर मिळालें म्हणजे त्याला स्वस्थ झोंप लागते. आम्हां संशोधकांचा धंदा नेमका याच्या उलट. दहा वर्षें खपावें, आणि ‘अमुक कारण नसावें’ एवढेंच म्हणण्याची पात्रता अंगीं यावी! अशा माणसाला सातारकडच्या एखाद्या लग्नांत पंगतीला बसविलें, कीं जिलबीबरोबर प्रश्नहि वाढला जातो : “काय हो, पुढचा धक्का कधीं?” तो बिचारा म्हणतो, “ठाऊक नाहीं.” मंडळी लागलीच पलीकडच्या ज्योतिष्याकडे वळतात. त्याच्यापाशीं तारीख असते, घटका-पळेंसुद्धां असतात.

हें उत्तर म्हणजे दुबळेपणा कीं सचोटी, याचा निवाडा करण्यास कोयनेचें खोरें फार उपयोगी आहे. पाटण तालुक्यांत कोयनेवर १०३ मीटर उंचीचें धरण उभें राहिलें आणि त्यामागें जलाशय भरूं लागला. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे तेथें ६.३ रिश्टरचा भूकंप होऊन दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. दख्खनची भूमि अचल आहे, ही समजूत त्या एका पहाटेनें मोडली. जलाशयाच्या पातळींतील चढउतारांचा येथील धक्क्यांशीं संबंध आहे, हें आज शास्त्रज्ञ मानतात. तो संबंध भूगर्भांत कसा घडतो हें पाहण्यासाठीं गोठणे येथें २०१७ सालीं तीन किलोमीटर खोल विवर पुरें झालें. सुमारें सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर खालीं थेट ग्रॅनाइट लागला. तारीख मात्र लागली नाहीं.

मग एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, काळ सांगतां आला नाहीं तरी स्थळ सांगतां आलें. हे धक्के सुमारें वीस किलोमीटर रुंद व तीस किलोमीटर लांब अशा लहानशा टापूंतच पुनःपुन्हां होत आले आहेत. तेवढें कळलें म्हणजे तेथील घरांच्या दगडमातीच्या भिंतींना पट्टे घालून त्या बांधून घेतां येतात. भिंत पक्की करण्यास तारखेची गरज नसते.

तीच कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि तें पाणी पुढें सांगलीस जातें. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्यें तें ५७ फुटांच्याहि वर चढलें. पाणी ओसरण्यापूर्वींच लोकांना एकच अपराधी हवा होता. कोणी अलमट्टीकडे बोट दाखविलें, कोणी वरच्या धरणांकडे, कोणी नदीकाठच्या बांधकामांकडे. ‘कारणें अनेक असावींत, कोणाचा वांटा किती, हें मोजून सांगतों’ असें म्हणणाऱ्याचें कोण ऐकतो? तो मोजीत बसेपर्यंत मोबाईलवरील निनांवी निकाल गांवभर पोंचलेला असतो.

येथें एक आक्षेप आम्हांस मान्य केला पाहिजे. ‘ठाऊक नाहीं’ ही आळशाची ढालहि होऊं शकते. जबाबदारी टाळूं पाहणारा अधिकारी आणि शंकेचें प्रदर्शन करणारा पंडित, दोघेहि हेच शब्द वापरतात. परंतु प्रामाणिक माणूस तेवढ्यावर थांबत नाहीं. आपल्याला कोठपर्यंत कळलें, कोठें खुंटलें, आणि तोंवर लोकांनीं काय करावें, हीं तिन्ही तो सांगतो. यांतलें तिसरें गाळलें, तर पहिल्या दोहोंचा लोकांस कांहीं उपयोग नाहीं.

हा प्रश्न नीतीचा आहे असें आम्ही म्हणतों, तें याचसाठीं. खोट्या तारखेनें माणसें मुलांबाळांसह थंडींत उघड्यावर रात्र काढतात. आणि ती रात्र धक्क्यावांचून गेली, कीं पुढें खऱ्या सूचनेवरहि त्यांचा विश्वास बसत नाहीं. त्या अविश्वासाची किंमत ज्योतिषी देत नाहीं. ती त्या गांवाला द्यावी लागते.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति कीं, एखादा शास्त्रज्ञ गांवीं आलाच तर त्यास तारीख विचारूं नये. त्यास आपल्या घराची भिंत दाखवावी. तिच्याविषयीं शास्त्राला पुष्कळ ठाऊक आहे.