खोडलेली नोंद

सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकापासून जरा आत, तिसऱ्या मजल्यावर, अभियांत्रिकीचे एक तरुण प्राध्यापक राहत. शिकवत स्थापत्य आणि पीएच.डी. करत विहिरींवर. नगर तालुक्यातल्या विहिरींचं पाणी पावसानंतर किती वेगानं खाली जातं, हा त्यांचा विषय. सावेडीच्या नळाला मुळा धरणाचं पाणी येतं. विळदहून ते वसंत टेकडीवर चढतं आणि तिथून घराघरांत उतरतं. पण आजूबाजूच्या ज्या शिवारांना धरण नाही, त्यांचा सगळा भरवसा विहिरीवर. विषय चांगला होता आणि सरांची तळमळही खरी होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसाच्या हातून झालेलं नाही.

पिंपळगाव माळवीच्या शिवारातल्या बारा विहिरी त्यांनी धरल्या होत्या. दर रविवारी सकाळी मोटारसायकल काढायची, विहिरीत टेप सोडायचा आणि काठापासून पाणी किती मीटर खाली आहे ते वहीत लिहायचं. पंधरा महिने त्यांनी हे नेमानं केलं. मग एप्रिलमध्ये परीक्षा आल्या आणि दोन रविवार जाता येणार नव्हतं. बारातली एक विहीर एका आजींची होती. दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या आजींना आकडे नवे नव्हते. सरांनी त्यांना जुना टेप दिला, टोकाला लोखंडी नट बांधून दिला आणि म्हणाले, "रविवारी मोजा, आजी. मी फोन करीन."

पहिल्या रविवारी फोन केला तेव्हा सर परीक्षेच्या गडबडीत होते. आजी म्हणाल्या, "आवं मास्तर, त्या डीपीचं असं झालं..." सर म्हणाले, "आकडा तेवढा सांगा, आजी." आजींनी सांगितलं, "नऊ आठ."

आदल्या रविवारी सरांनी स्वतः मोजलं होतं ते ११.२. भर एप्रिलमध्ये, थेंबभर पाऊस नसताना, पाणी जवळजवळ दीड मीटर वर कसं येईल? सरांनी नोंद पेन्सिलीनं केली. पुढच्या रविवारी आजींनी ११.६ सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी सरांनी स्वतः जाऊन मोजलं तर ११.९ भरलं. मग त्यांनी ९.८ खोडरबरानं पुसलं आणि तिथं ११.४ लिहिलं. उरलेल्या अकरा विहिरींच्या त्या दोन रविवारच्या चौकटीही आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून हिशेब करून भरल्या. आलेख काढला तर रेघ अशी सरळ उतरली की बघत राहावं.

त्याच आठवड्यात एका नियतकालिकाचा ईमेल आला. पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापून मिळेल. असे ईमेल आपल्याकडच्या बहुतेक प्राध्यापकांना येतात, आणि बढतीची घाई असली की ते मोह घालतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धनांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आलेल्या १,००९ नियतकालिकांची त्यांनी छाननी केली होती. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. कुणाचा पत्ता नव्हता, कुणाच्या संपादकांची नावं नव्हती, कुणी आपल्या दर्जाबद्दल खोटे दावे केले होते. सरांना हे ठाऊक होतं. तरीही त्यांनी पेपर तयार केला आणि मार्गदर्शक मॅडमना दाखवायला नेला.

मॅडमनी पेपर बाजूला ठेवला. "मूळ वही आणलीय?"

वही होती. मॅडम पानं सावकाश उलटत गेल्या आणि एप्रिलशी थांबल्या. पान खिडकीच्या उजेडाशी तिरपं धरलं. पेन्सिल पुसली जाते, तिचा वळ राहतो.

"इथं काय होतं?"

"आजींचं मोजमाप चुकलं असावं, मॅडम."

"असावं? त्यांना विचारलंत?"

सर गप्प राहिले.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांचं पहिलं संशोधन राहुरीच्या कृषी विद्यापीठात झालं होतं. तिथल्या वेधशाळेतली एक गोष्ट त्यांनी सांगितली. पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजायचा. पडला नसेल तर शून्य लिहायचं. मोजायचं राहून गेलं असेल तर मात्र शून्य लिहायचं नाही, चौकट रिकामी ठेवायची. "शून्य म्हणजे मी पाहिलं आणि काही नव्हतं. रिकामी म्हणजे मी पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "आणि चूक झाली तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी कारण, तारीख, सही. आता जा आणि आजींना विचारून या."

खरं तर एवढंच कुणीतरी पहिल्या वर्षी सांगायला हवं होतं. आपण संशोधकाला उपकरण चालवायला शिकवतो, सॉफ्टवेअर शिकवतो, पेपर कसा सजवायचा तेही शिकवतो. वही कशी ठेवायची हे त्याचं त्यानं शिकावं, अशी आपली समजूत असते.

आजींनी ओट्यावर सतरंजी टाकली आणि भिंतीच्या खिळ्यावरचं कालनिर्णय काढून आणलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत दुधाचा रतीब लिहिला होता, आणि त्याच्या खाली आणखी एक बारीक आकडा. सरांनी रविवारपुरतं सांगितलं होतं, आजींनी रोज मोजलं होतं. "टेप घरात व्हता, इहीर दारात. मोजायला काय लागतंय?"

एका मंगळवारी लिहिलं होतं, 'डीपी जळाली'. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, 'डीपी आली'. मधले नऊ दिवस त्या डीपीवरची, म्हणजे विजेच्या रोहित्रावरची, एकही मोटार चालली नव्हती. घासाला पाणी नाही, कांद्याला पाणी नाही. आणि विहिरीतलं पाणी रोज वर येत होतं. आधी भराभर, मग हळूहळू. वीज आल्यावर सगळ्यांनी एकदम उपसा सुरू केला आणि चार दिवसांत पाणी पुन्हा तळाशी गेलं.

सर कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिले. भूजलाच्या अभ्यासात अशी चाचणी मुद्दाम करतात. विहीर उपसायची, मोटार बंद करायची आणि पाणी किती वेगानं परत भरतं ते टिपायचं. त्यावरून खडक किती पाणी देतो ते कळतं. त्यासाठी माणसं लागतात, पैसा लागतो, आणि बहुधा ती एकाच विहिरीवर काही तासच होते. इथं एका डीपीवरचा सगळा उपसा नऊ दिवस थांबला होता. विहिरी पावसानंतरच्या दिवसांमुळे कमी आणि उपशामुळे जास्त उतरत होत्या, हे त्या पानावर उघड दिसत होतं. सरांच्या पेपरचा निष्कर्ष नेमका उलटा होता.

त्याच डीपीवरच्या आणखी सहा विहिरी सरांच्या बारांत होत्या. त्यांचंही पाणी त्या दिवसांत चढलं असणार. ते कुणी पाहिलं नव्हतं आणि सरांच्या वहीत तर ते उतरताना दाखवलं होतं. ते नऊ दिवस परत येणार नव्हते.

पेपर त्या नियतकालिकाकडे गेला नाही. सरांनी सगळं काम पुन्हा मांडलं, प्रत्येक विहिरीच्या उपशाचे तास घरोघर विचारून लिहिले. प्रबंध दीड वर्ष लांबला. त्याच्या परिशिष्टात कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानाची छायाप्रत आहे, दुधाच्या रतिबासकट. मुख्य तक्त्यात त्या दोन रविवारांच्या बावीस चौकटी रिकाम्या आहेत आणि खाली टीप आहे: 'या दिवशी मोजमाप झाले नाही.'