डोळ्यांना न दिसणारे अपंगत्व

कुबडी, पांढरी काठी किंवा तीनचाकी सायकल दृष्टीस पडल्यावाचून अपंगत्वावर विश्वास ठेवावयाचा नाही, असा अलिखित दंडक आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो आहोत. आणि सन १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदाही, त्यातील सात प्रकार पाहता, या दंडकापासून फारसा दूर गेला होता असे म्हणवत नाही. सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मात्र एकवीस प्रकार मान्य करताना सिकलसेल या रक्तविकाराचाही अंतर्भाव केला, आणि गोंदिया जिल्ह्यापुरती तरी त्या कायद्यातील सर्वांत मोलाची नोंद, माझ्या मते, हीच होय.

देवरी-सालेकशाकडील आदिवासी पाड्यांना आणि पूर्व विदर्भातील कित्येक दलित वस्त्यांना हा आजार नवा नाही. आई आणि बाप या दोघांकडून तो लेकराच्या रक्तात उतरतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. गारठा, अतिश्रम, अंगातले पाणी कमी होणे, एवढे निमित्त पुरते. मूत्रपिंडावरही परिणाम होत असल्याने अशा मुलाला पाणी सारखे प्यावे लागते आणि लघवीलाही सारखे जावे लागते. परंतु तासात तिसऱ्यांदा हात वर करणाऱ्या, दिसावयास धडधाकट अशा पोराला ‘बस खाली’ म्हणून दटावणाऱ्या गुरुजींना आपल्या हातून भेदभाव घडत आहे अशी शंकाही येत नाही. कायद्याच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच आहे. आणि येथे ती सोय म्हणजे बाकावर पाण्याची बाटली ठेवण्याची व न विचारता बाहेर जाण्याची मुभा, याहून अधिक काही नाही.

राखीव जागांसाठी चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो हे खरे. पण भेदभावास मज्जाव करणाऱ्या कलम ३ ने टक्केवारीची अट घातलेली नाही, आणि दाखल्याच्या खटाटोपात नेमके हेच विसरले जाते. कायद्यातही व्यंग आहेच. उच्च शिक्षणातील पाच टक्के जागांवर दाखलाधारक सिकलसेलग्रस्ताचा हक्क चालतो, परंतु सरकारी नोकरीतील चार टक्क्यांची वाटणी करणाऱ्या कलम ३४ मध्ये रक्तविकारांचा नामोल्लेखही नाही. शिकवून मोठा केलेल्या मुलास कचेरीच्या दारात अनोळखी ठरविण्याची ही तजवीज कोणत्या न्यायाने झाली, हे मला तरी उमगत नाही.

आणि रोवणीच्या बांधीत तर यातले काहीच पोचत नाही. एकरी ठेक्याने रोवणी घेणारी बायकांची टोळी, गुडघाभर गार चिखलात दिवसभर वाकता न येणारीला पुढल्या दिवशी बोलावीत नाही. त्यांना निर्दय म्हणता येत नाही, कारण त्यांच्याही चुली त्याच वाट्यावर पेटतात. ठेका ठरविताना तिच्यासाठी बांधावरचे काम आणि तेवढीच मजुरी मालकाने निराळी धरली, तर एकरी दर थोडा चढेल. तो चढू देण्याची त्याची तयारी आहे काय, हे त्याला आषाढातच विचारावयास हवे.