पॅकेटाचे प्रामाण्य

माहिष्मती नगरीत मंडनमिश्रांचे घर कोणते, अशी पृच्छा शंकराचार्यांनी पाणी आणावयास निघालेल्या दासींपाशी केली, तेव्हा ज्या दाराशी टांगलेल्या पिंजऱ्यांतले राघू-मैना ज्ञान स्वतःच प्रमाण असते की परतः, या मुद्द्यावर वाद घालीत असतील तेच मंडनपंडितांचे घर समजावे, असे उत्तर त्या दासींनी दिले, ही कथा माधवीय शंकरदिग्विजयात आली आहे. तिचे ऐतिहासिक मोल काय असेल ते असो. पण जो प्रश्न एके काळी पाखरांच्याही जिभेवर रुळला होता असे सांगितले जाते, तो आता भीमाचार्य झळकीकरांच्या न्यायकोशात आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत तेवढा उरला आहे, अशी जी आपली समजूत झाली आहे, ती बरोबर नाही. संगणकांच्या जाळ्याची देखभाल करणारी मंडळी या प्रश्नाशी नित्य झगडत असतात. फरक इतकाच की, त्यांना मीमांसा ठाऊक नसते आणि आमच्या शास्त्रीमंडळींना फायरवॉल.

वाद थोडक्यात असा. कुमारिल भट्टांसारख्या मीमांसकांचे म्हणणे असे की, ज्ञान उपजले की त्याचे प्रामाण्यही त्याच्याबरोबरच उपजते. पुढे बाधक पुरावा आला तर ते खुशाल अप्रमाण ठरो, पण बाधक नसताना त्याच्या खरेपणासाठी दुसऱ्या ज्ञानाची साक्ष काढू लागलात, तर त्या साक्षीला तिसरी साक्ष लागेल, तिसरीला चौथी, आणि अनवस्था ओढवेल. उदयनाचार्यांना आणि पुढे मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांना हे मान्य नाही. दुरून पाणी दिसले एवढ्याने ते ज्ञान प्रमाण ठरत नाही. जवळ जाऊन तहान भागली, म्हणजे प्रवृत्ती सफल झाली, तर आधीचे ज्ञान खरे होते असे अनुमानाने, आणि केवळ अनुमानानेच, ठरते.

आता फायरवॉलकडे वळू. पूर्वी ही एक स्वतंत्र पेटी असे. एका बाजूने बाहेरच्या जगाची तार तिच्यात शिरे, दुसऱ्या बाजूने कचेरीची तार निघे, आणि मधून जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटाची, म्हणजे मजकुराच्या तुकड्याची, झडती घेऊन त्याला परवानगी द्यावयाची की नाही याचा निवाडा तिच्या पोटात होई. २००७ साली केव्हीएम ही कल्पित संगणक चालवण्याची सोय लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत दाखल झाली, एका संगणकात अनेक कल्पित संगणक नांदवणे सुलभ झाले, आणि फायरवॉलही तेथे राहावयास गेली. असे कल्पित संगणक सांभाळणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या यजमान यंत्रावर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स चालवणे ही आता नित्याची बाब आहे. या दोन्ही फायरवॉली फ्रीबीएसडीवर उभ्या आहेत, आणि त्यांना तेथे मिळणारे 'व्हर्टआयओ' नावाचे नेटवर्क कार्डही कल्पितच असते. त्याला तांबे नाही की तार नाही, स्मृतीच्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात मजकूर नेऊन ठेवणे हाच त्याचा सारा प्रवास. गिगाबिटच्या खऱ्या तारेवरून दर सेकंदाला सुमारे ९४१ मेगाबिट उपयुक्त मजकूर जाऊ शकतो. येथे तारेचा अडसरच नसताना गती कित्येकदा रखडत रखडत किलोबिटांवर येते, वेबपृष्ठ अर्धे उघडून थबकते, आणि त्याच क्षणी पिंग करून, म्हणजे पलीकडच्या यंत्राला नुसती हाक देऊन, पाहावे तर उत्तर तत्काळ हजर होते.

अशा वेळी मायावादाची आठवण होऊन, कल्पित वस्तू खऱ्याहून दुबळी असावयाचीच, असे म्हणून स्वस्थ बसण्याचा मोह होतो, आणि यंत्रे वाढवून विकणाऱ्यांना तो मोह फार सोयीचा असतो. परंतु तेच यजमान यंत्र, तेच कल्पित कार्ड आणि तीच फायरवॉल कायम ठेवून, तिच्या व्यवस्थेच्या पानावरील एका चौकोनात खूण केली की पुष्कळदा गती पूर्ववत होते. कल्पितत्व कायम राहून मंदपणा जात असेल तर कल्पितत्वाला कारण म्हणता येत नाही. कारण त्या चौकोनात शोधले पाहिजे.

तो चौकोन एका बेरजेसंबंधी आहे. टीसीपी या वाहतुकीच्या शिस्तीने जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटाच्या शिरोभागी सोळा बिटांचा एक आकडा असतो. पाठवणाऱ्याने मजकुराचे सोळा-सोळा बिटांचे तुकडे मिळवून त्या बेरजेचा पूरक आकडा नोंदवावयाचा, घेणाऱ्याने तेच गणित पुन्हा करून ताळा पाहावयाचा, आणि ताळा चुकला तर पाठवणाऱ्याला कसलीही इत्तला न देता पॅकेट टाकून द्यावयाचे, असा शिरस्ता आहे. गिगाबिट तारेवर पुऱ्या आकाराची सुमारे ८१ हजार पॅकेटे दर सेकंदाला जातात. म्हणून हे गणित प्रोसेसरच्या डोक्यावरून काढून कार्डाकडे सोपवण्याची वहिवाट पडली. कल्पित कार्डाने ही वहिवाट उचललीच, शिवाय तीत स्वतःचे तर्कशास्त्र घातले: दोन्ही यंत्रे एकाच यजमानाच्या आश्रयाला असतील तर पॅकेट तारेवर जाणारच नाही, वाटेत बिघडणारही नाही, मग ताळा हवा कशाला? तेव्हा पाठवणारे यंत्र बेरीज अपुरी ठेवते, ती पुढे पुरी करावी असा शेरा मारते, आणि घेणाऱ्याने तोवर पॅकेट निर्दोषच धरून चालावे, असा संकेत पाळला जातो. एकाच कचेरीतल्या दोन मेजांमध्ये फिरणाऱ्या कागदावर बारनिशीचा शिक्का नसतो, तो जावक कारकून मारील या भरवशावर सगळे असतात. पण मधल्या मेजावरच्या गृहस्थाने तो कागद शिक्क्यासह आला असे गृहीत धरून परस्पर लखोट्यात घातला, तर मुक्कामी पोचल्यावर त्याची जागा केराच्या टोपलीत. फायरवॉल हे असे मधले मेज आहे. ती पॅकेट स्वतःसाठी घेत नाही, दुसऱ्या कार्डातून पुढे रवाना करते, आणि अपुरी बेरीज पुरी करण्याची जबाबदारी नेमकी या हस्तांतरात हरवते. चौकोनात खूण केली की बेरजेचे काम कार्डाकडून निघून प्रोसेसरकडे परत येते, म्हणून गती पूर्ववत होते. पिंगचे पॅकेट मात्र आपली बेरीज आधीच पुरी करून निघते. म्हणून ते सुखरूप जाते आणि मार्ग निर्वेध असल्याची, अक्षरशः खरी पण सर्वस्वी निरुपयोगी, साक्ष देते.

मला या प्रकरणाचे आश्चर्य वाटते ते येथे. जिचा सारा धर्म अविश्वास, आलेल्या प्रत्येकाची शहानिशा केल्यावाचून जी पाऊल पुढे टाकू देत नाही, त्या फायरवॉलच्या आतड्यांत बाधक दिसेपर्यंत प्रमाण माना हे मीमांसकांचे तत्त्व कोणीतरी गुपचूप बसवून ठेवले आहे. पॅकेट कोठून आले, कोठे चालले, कोणत्या दाराने, एवढे सगळे ती विचारते. ते धड आहे काय, एवढे मात्र विचारीत नाही.

आणि बाधक दिसतो तोही वेश पालटून. १९८६ सालच्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ या अवघ्या ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधील गती सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळली, तेव्हा व्हॅन जेकबसन यांनी त्या अरिष्टाचा माग काढला आणि १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यावर उपाय मांडला: पॅकेट हरवले की वाटेत गर्दी आहे असे अनुमान करून पाठवणाऱ्याने आपला वेग आवरता घ्यावा. तारांवरची पॅकेटे बिघडून क्वचितच हरवतात, गर्दीनेच बहुधा हरवतात, म्हणून तो हेतू, म्हणजे अनुमानाची ती खूण, व्यवहारात पुरेसा होता आणि त्यावर इंटरनेट तगले. पण फायरवॉलमागे पॅकेट हरवते ते गर्दीने नव्हे. हेतू आहे, साध्य नाही, म्हणजे नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार हेत्वाभास. रिकाम्या रस्त्यावर पाठवणारा गर्दीच्या भयाने पाऊल आखडत जातो, प्रत्येक नव्या हानीने त्याची भीती दुणावते, आणि पाहणाऱ्याला दिसतो तो केवळ मंदपणा.

तपासाची रीतही याच वादाच्या भोवऱ्यात सापडते. गती मोजण्याचे आयपर्फ हे साधन कित्येक जण खुद्द फायरवॉलवरच चालवतात. मजकूर पुढे लोटण्यासाठी घडवलेल्या यंत्राला मजकूर स्वतः निर्माण करावयास लावून त्याच्याच तोंडून त्याची लायकी ऐकण्याचा हा प्रकार असून, त्यातून निघणारा आकडा फायरवॉलमधून जाणाऱ्या वाहतुकीचा नसतोच. दोन यंत्रे दोन बाजूंना ठेवून मोजले पाहिजे. याहून फसवी गोष्ट पॅकेटे टिपणाऱ्या टीसीपीडम्पची. पाठवणाऱ्या यंत्रावरच पॅकेटे टिपली तर जवळजवळ प्रत्येकाची बेरीज चुकलेली दिसते, कारण ती टिपली गेली त्या क्षणी कार्डाने ती पुरी करावयाची असते. तेथे दोष दिसतो आणि दोष नसतो. तारेपलीकडे, वेगळ्या यजमानावर असलेल्या घेणाऱ्याच्या यंत्रावर टिपावे, म्हणजे जो ताळा तेथेही चुकतो तो खरोखरीच चुकलेला. तहान भागली की नाही हे मुक्कामी विचारावे लागते.

पॅकेट म्हणजे ज्ञान नव्हे, त्याला प्रामाण्य कसले, असा आक्षेप एखादा शास्त्री घेईल, आणि शब्दशः तो बरोबर आहे. परंतु मीमांसकांचा सारा खटाटोप वेदवचनासाठी होता, आणि वचन हे कोणाकडून तरी कोणाकडे तरी जाणारे असते. वाटेत ते तपासावे की न तपासता पुढे द्यावे, हा प्रश्न पॅकेटालाही तितकाच लागू आहे. अनवस्थेचा धाकही खोटा नाही. सोळा बिटांच्या दोन तुकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, म्हणजे ताळा जुळूनही मजकूर बिघडलेला असू शकतो, आणि त्या ताळ्यावर आणखी ताळा बसवावा तर त्यालाही अंत नाही. यावर नैयायिकांनी एक तोड काढली होती, आणि मला तीच ग्राह्य वाटते: अनभ्यस्त विषयात परीक्षेवाचून पाऊल टाकू नये, पण जेथे पुनःपुन्हा अनुभव येऊन चुकला आहे तेथे त्याच जातीचे हेही ज्ञान, एवढ्यावरून ते प्रमाण धरण्यास हरकत नाही. पीएफसेन्सच्या कर्त्यांनी नेमके हेच केले. खऱ्या कार्डांवर बेरजेचे काम कार्डाकडेच ठेवले आणि व्हर्टआयओवर ते काढून घ्यावे असे आपल्या मार्गदर्शिकेत बजावले. २०१४ साली त्यांच्यातूनच फुटून निघालेल्या ओपीएनसेन्सवाल्यांनी तेवढीही मुभा ठेवली नाही. त्यांच्या नव्या मांडणीत तो चौकोन पहिल्यापासून खूण केलेला येतो, कार्ड खरे असो वा कल्पित, आणि प्रोसेसरने प्रत्येक बेरीज स्वतः करावी लागते; एका घराण्यातले हे दोन पक्ष आपापल्या जागी ठाम राहिले.