खुडूक कोंबडी

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कोंबडी म्हणजे घरची ठेव. आजारपण, वह्या-पुस्तके, अवचित पाहुणा. अडीनडीला तीच कामी येते. ही गावठी कोंबडी १०-१२ अंडी घालते आणि मग खुडूक होऊन बसते. निदान २१ दिवस अंडी बंद! मग कोणी तिला पाण्यात बुचकळतात, कोणी टोपलीखाली उपाशी कोंडतात. तिने पिल्लांचा नाद सोडावा आणि पुन्हा अंड्यावर यावे म्हणून. हे न्याय्य आहे काय?

अंडे घेण्यात आम्हांस काही गैर दिसत नाही. लेकराच्या ताटात ते पडले तर आनंदच. परंतु अंडे घेणे निराळे आणि तिची वृत्ती मोडून काढणे निराळे. येरुशलेमसाठी विलाप करताना प्रभूने उपमा घेतली ती पिल्लांवर पसरलेल्या पंखांची. वनराजासारख्या सुधारित जातींत ही उबवण्याची वृत्तीच निवडीने बव्हंशी घालवलेली आहे. अंडी वाढली खरी, पण पिल्ले हवीत तर उबवणी केंद्राचे दार गाठावे लागते.

आठवडी बाजारात चार अंडी विकून जिला मीठमिरची आणायची, त्या माउलीला आम्ही बोल लावणार नाही. ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांनी मात्र निदान तीन आठवडे कळ काढावी. आणि दाणा-पाणी खुराड्याजवळच ठेवावे, कारण बसलेली कोंबडी फार वेळ उठत नाही.