दुःखाच्या घरी धम्म



गेल्या उन्हाळ्यात जालना तालुक्यातील एका वस्तीत विहिरीचे खोलीकरण चालू होते. यारीचा दोर तुटला आणि खाली काम करणारा तरुण जागीच गेला. त्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन अवघी दोन वर्षे झाली होती. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईने सर्वांदेखत विचारले, "गुरुजी, देव्हारा काढला म्हणून तर हे झालं नसंल ना?"

भावकीतल्या कुणीतरी हे तिच्या मनात भरवले होते. बकरे किती, भगताची दक्षिणा किती, हा हिशेबही सांगून ठेवला होता. पैसे अर्थात सावकाराकडून यायचे होते.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही उंबऱ्यावर येणार आहे. सुखाच्या दिवसांत बावीस प्रतिज्ञा म्हणणे सोपे असते. घरात प्रेत असताना त्या पाळणे हीच खरी कसोटी.

मी आजीला म्हणालो, "आजी, दोर जुना होता की नाही? आणि ज्यांच्या घरी देव्हारे आहेत त्यांची माणसं विहिरीत मेली नाहीत का?" तिने मान हलवली, पण डोळ्यांचे पाणी थांबले नाही. माझे म्हणणे खोटे नव्हते. तरी मी बी.ए., बी.एड. झालेला माणूस त्या माऊलीपुढे वर्गात फळ्यावर गणित सोडवावे तसा बोलून गेलो, याची मला घरी येताना लाज वाटली.

किसा गोतमीची कथा तुम्ही विहारात ऐकली असेल. एकुलते एक मूल मेले, त्याला कडेवर घेऊन ती औषध मागत श्रावस्तीत वणवण फिरत होती. तथागतांनी तिला अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. चमत्कारही केला नाही. ज्या घरी कोणी मेले नसेल तेथून मूठभर मोहरी आण, एवढेच सांगितले. मोहरी घरोघर होती, पण मरण नसलेले घर नव्हते. आपण या कथेतून मरण कुणालाच चुकले नाही एवढेच घेतो. मला तिचे दारोदार फिरणे अधिक महत्त्वाचे वाटते. प्रत्येक दारी कुणीतरी तिला आपले दुःख सांगितले असणारच. ती एकटी उरली नाही.

आणि आपल्या बाबासाहेबांचे घर तरी कोरडे होते काय? यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी लाडका राजरत्न, अशी चार लेकरे त्यांनी आणि माता रमाईंनी गमावली. राजरत्न 1926 च्या जुलैमध्ये गेला आणि 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. 27 मे 1935 रोजी रमाई गेल्या. बाबासाहेब ढसाढसा रडले. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. दुःख नव्हते म्हणून ते उभे राहिले असे नाही. ते रडले आणि उभेही राहिले. तेव्हा धम्म घेतला म्हणजे रडू नये, असे कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

दुसरी एक गोष्ट आपल्या बायाबापड्यांना फार पोखरते, ती म्हणजे 'मागच्या जन्मीचे पाप'. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत तपासून नाकारला आहे. तरण्याताठ्या विधवेला पापिणी ठरवणारे शब्द आपल्या घरात उच्चारू नका. दोर कुणी तपासला नाही, मजुरीच्या कामावर भरपाई कुणी द्यायची, हे प्रश्न विचारा. पूर्वजन्माच्या नावाखाली तेच झाकले जातात.

त्या वस्तीत पुढे काय झाले ते सांगतो. बकरे कापले गेले नाही, पण ते माझ्या बोलण्यामुळे नव्हे. तिसऱ्या दिवशी शेजारची एक म्हातारी येऊन बसली. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर, सुकडी खाऊन दिवस काढताना तिचे तान्हे मूल गेले होते. इतक्या वर्षांत ती त्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. तरुणाची आई ऐकत राहिली आणि दोन दिवसांनी प्रथम दोन घास जेवली. पुण्यानुमोदनाला त्रिशरण-पंचशील झाले, बायांनी घरोघरून भाकरी-पिठलं आणले, कर्जाचा एक पैसा झाला नाही. पोरीच्या वह्यापुस्तकांचा भार वस्तीतल्या तरुणांनी उचलला. भरपाईचा अर्ज मी लिहून दिला. निकाल अजून लागायचा आहे.

दिवाळीनंतर पलीकडच्या गल्लीत एक मयत झाली. मी पोचण्याआधीच ही आई तिथे पोचली होती. काही बोलत नव्हती. परक्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.